शार्त्रच्या चर्चमधली विहीर, पुंजारामच्या शेतात

पाथर्डी,
१४ मे १९४६

प्रिय अब्राहाममामा यांस,

कृपादानाचा प्रभूत सलाम. नाताळात आलेल्या तुमच्या पत्राला मी मे महिन्यात उत्तर देतो आहे, याची लाज वाटते. माझ्या रोजनिशीत 'मामांना पत्र' असे आठ वेळा लिहिलेले आहे आणि आठही वेळा ते दुसऱ्या दिवसावर ढकललेले आहे. (आधी सहाच वाटले होते. काल मोजून खात्री केली.) तुमचा गुडघा कसा आहे? एलिझाबेथमामींचा दमा उन्हाळ्यात जरा हात आखडता घेतो, तसाच यंदाही घेवो. आम्ही दोघे ठीक आहोत. म्हणजे दीना ठीक आहे. मी ठीक नाही असे तिचे मत आहे. त्याचे कारण सांगण्यासाठीच हे पत्र.

तुम्ही १९१७ साली लढाईवरून आईला पाठवलेले शार्त्रच्या चर्चचे कार्ड माझ्याकडे अजून आहे. फेब्रुवारीत सातवीच्या मुलांना ते दाखवले आणि मला फारच उत्साह चढला. तिथले जुने चर्च ११९४ साली जळाले, मग तीसेक वर्षांत हे एवढे उभे राहिले. त्याआधी एकदा तर बांधकामाच्या दगडांच्या गाड्यांना लोकांनी बैलांऐवजी स्वतःलाच जुंपून घेतले होते. भिंतीत जिकडेतिकडे रंगीत काचा असल्यामुळे भिंतींना बाहेरून दगडी हातांनी तोलून धरले आहे. दोन मनोऱ्यांतला एक साधा आणि दुसरा नक्षीदार, कारण त्यांच्या कळसांमध्ये साडेतीनशे वर्षांचे अंतर. आणि परवाच्या लढाईत त्या सगळ्या काचा उतरवून लपवून ठेवल्या होत्या, हे सगळे सांगितले. मुले गप्प बसून ऐकत होती. मग मी म्हणालो की लांबी दोनशे पंच्याऐंशी हात, आणि सगळी हसली. खर्ड्याचा किल्ला पाहिलेली मुले आहेत, तरी हसली. मास्तर थाप मारतात असे मुलांना वाटावे, हे मला सहन झाले नाही. (यात सत्याची चाड किती आणि अहंकार किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.)

शाळेला लागून पुंजारामचे शेत आहे. ज्वारी निघाली होती, रान मोकळे होते. त्याला विचारून, शाळेचा साठ हाती दोर आणि दोन पाट्या चुन्याची फक्की घेऊन आम्ही शार्त्रचे चर्च मूळ मापाने त्या रानात आखले. पश्चिमेचा दरवाजा शाळेच्या लिंबाखाली आला, क्रुसासारखे बाजूला निघालेले दोन्ही हात बांधाला टेकले आणि वेदीमागची गोलाई थेट बाभळीपर्यंत गेली. मुले चर्चच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाका मारू लागली, तेव्हा त्यांना पटले. इथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण त्या चर्चच्या तळघरात तुम्ही पाहिलेल्या जुन्या विहिरीची गोष्ट आठवली. (पुस्तकातही ती उत्तरेच्या अंगाला दिली आहे, फक्त खोली दिलेली नाही.) म्हणून मी मोजून, बरोबर जागेवर, फक्कीची मोठी फुली मारली. पुंजाराम बैल घेऊन बांधावर उभा होता. ही फुली कसली, असे त्याने विचारले. मी घाईत होतो. "विहीर," एवढेच म्हणालो.

पुंजाराम तीन वर्षे पाणाडे आणतो आहे, हे मला ठाऊक असायला हवे होते. एकाने तळहातावर नारळ ठेवून पाणी दाखवले, दुसऱ्याने लिंबाच्या बेचक्याने दाखवले, आणि दोघांच्या जागा दोन टोकांना. आता एक शिकलेला मास्तर हातात पुस्तक धरून, दोर लावून, फुकटात फुली मारून गेला. मी परीक्षेच्या कामाला आठवडाभर नगरला होतो. परत आलो तर फुलीच्या जागी माणूस बुडेल एवढा खड्डा होता आणि पुंजारामचे फक्त पागोटे दिसत होते.

मी त्याला काठावरून सांगितले, "पुंजारामभाऊ, ही विहीर फ्रान्समधली आहे, इथली नव्हे."

"तितं पानी हाय का?"

"तिथं आहे."

"मंग? येवढं थोरलं देऊळ कुनी पान्याबिगर बांधतंय व्हय?"

मामा, त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. विहीर आधीची आणि चर्च मागून, असे पुस्तकातही आहे. पुन्हा दोनदा समजावले. शेवटी, या जागेशी पाण्याचा काही संबंध नाही, असे सहीनिशी लिहून दिले. त्याला वाचता येत नाही. त्याने तो कागद पागोट्यात खोचला आणि आता गावभर सांगतो की मास्तरांनी लिहून दिलंय.

आज विहीर सहा परस झाली आहे. (माणसाची उंची म्हणजे एक परस.) मुरूम संपून काळा खडक लागला आहे, आणि तो कोरडा आहे. मदतीला आलेले पुंजारामचे मेहुणे कंटाळून गेले; आता तो खाली पहार मारतो आणि त्याची बायको रंगुबाई वर पाट्या ओढते. यंदा पाणी लागले नाही तर बैल घेऊन बेलापूरकडे उसावर जायचे, घराला काटी लावून ते बंद करायचे, असे ती दीनाला म्हणाली. डोळे पुसले नाहीत. हात मातीचे होते म्हणून, असे दीना सांगते. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

त्यात आणखी एक. गेल्या महिन्यात असे निघाले की दोर साठ हातांचा नव्हताच. जानेवारीत दीनाने त्यातले पाच हात कपडे वाळत घालायला कापून घेतले होते. म्हणजे फुली खऱ्या जागेपासून वीसेक हात पश्चिमेला पडली आहे. दीना म्हणते, "एवढ्या मोठ्या चर्चातून वीस हात गेले तर कुणाच्या पोटात दुखतंय?" माझ्या दुखते. मी हे पुंजारामला अजून सांगितलेले नाही. रोज बांधापर्यंत जातो आणि परत येतो.

मामींना सलाम.

तुमचा भाचा,
कृपादान

ता. क. खरे काम असे. तिकडची विहीर जेवढी खोल तेवढे खणीन, त्याखाली एक वीतही नाही, असे पुंजारामने सांगितले आहे आणि आकडा माझ्याकडे मागितला आहे. माझ्या लहानपणी तुम्ही सांगत असा की त्या विहिरीत खडा टाकून तुम्ही प्रभूची प्रार्थना सुरू केली आणि भाकरीपर्यंत आलात तेव्हा खाली डुबुक वाजले. मी घड्याळ लावून म्हणून पाहिले. गणिताने खोली हजार फूट निघते. तरी कृपा करून कळवा, तुम्ही किती भरभर म्हणत होता?

ता. क. २. आठवत नसेल तर तसे स्पष्ट लिहा. कृपया आकडा रचू नका.

ता. क. ३. रचलाच तर आठ परसांच्या वर नको.

ता. क. ४. पाकीट बंद करत होतो तोच रंगुबाई धावत आली आणि पदरातले ढेकूळ तिने या कागदावरच ठेवले. वरच्या कोपऱ्यातला डाग शाईचा नाही. सातव्या परसाला खडकाला भेग पडली आणि हे निघाले. ओल म्हणजे पाणी नव्हे, असे मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "आसू द्या. तुमच्या त्या गावाला कळवा, हितं बी वल लागली म्हनावं." त्या गावी माझ्या ओळखीचे कोणी नाही, म्हणून तुम्हाला कळवतो. आकड्याची घाई नाही. मात्र पुंजारामच्या बांधापलीकडचा शेतकरी, आपल्याही रानात विहीर आखायला, दोर मागत ओट्यावर येऊन बसला आहे.

रोजनिशीत उद्यासाठी: पुंजारामला दोराचे खरे सांगणे.