ओ कुणी द्यायची

आषाढ वद्य सप्तमी, शके १८८०

एस.टी.च्या कंडक्टरनं माझ्या लोणच्याच्या बरणीवर कुणाची तरी लोखंडी ट्रंक ठेवली. मुंब्र्यापासून सगळ्या गाडीला वास. त्याला म्हटलं, मेल्या, एडनपासून बोटीनं आलं तेव्हा थेंब सांडला नाही, तो तू ठाण्यापासून पनवेलीपर्यंत सांडलास. तर म्हणतो, आजी, बोटीला खड्डे लागत नाहीत. तोंडाळ मेला. पण हसू आलं.

आता राम राम. मी जनी. चार वर्षं एडनला लेकाकडे होते. बळीराम तिथे गोदीत मुकादम आहे. तिथे मला ना शेत ना मिठागर, नुसतं बसायचं, म्हणून त्यानं रोज संध्याकाळी अक्षरं शिकवली. निघताना ही वही दिली. आये, लिहीत राहा, नायतर हात विसरेल, म्हणाला.

सून मालू बरोबर आहे. पाचवा लागलाय. आधीची दोन वाया गेली, त्यामुळे ही तिसरी खेप मी डोळ्यात तेल घालून सांभाळणार. गावाला, उरणकडे, चांगली सुईण आहे, पण बळीरामाला डॉक्टर हवा, म्हणून पनवेलीत बिऱ्हाड केलं. टपाल नाक्याच्या मागं दोन खोल्या आणि ओटी. जमीन सिमेंटची, मोरी आत, परसात विहीर. मालक नियाज आणि त्याची बायको झुबेदा शेजारीच राहतात. झुबेदानं आल्या आल्या सांदणं पाठवली. लुसलुशीत होती. घर मला आवडलं. हे कुणाला सांगायचं नाही, भाडं वाढेल.

मालूला पहिल्याच दिवशी बजावलं. पोटुशीनं तिन्हीसांजेच्या हाकेला ओ द्यायची नाही. तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस तीनदा हाक मारतं. जे माणूस नसतं ते दोनदा मारून थांबतं, आणि ओ देईल त्याला घेऊन जातं. मालू शिकलेली, गालात हसली. हस म्हटलं, पण गप राहा.

आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस

माझ्या गळ्यावर विळ्याच्या खुणेसारखी चीर आहे. पनवेलीच्या बाया लाजत नाहीत, सरळ विचारतात. म्हणून एकदा लिहूनच टाकते. एडनला माझे हात थरथरायला लागले. घरातलं सगळं खायचे आणि अंगावर मांस नाही. छाती अशी धडधडायची की लुगड्याचा पदर हलायचा. मग गळ्याला कवठाएवढी गाठ दिसली. तिथल्या इस्पितळात मला उपाशी निजवलं, नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली आणि माझा श्वास मोजला. श्वास मोजतात हे मला ठाऊक नव्हतं. थायरॉईड म्हणतात त्या गाठीला. ती मुळासकट कापली आणि सांगितलं, रोज सकाळी एक गोळी, मरेपर्यंत. सोडली तर असं होईल, तसं होईल. डॉक्टर पुष्कळ बोलला, मी अर्धं ऐकलं. थंडी वाजेल म्हणाला ते लक्षात आहे. पनवेलीत थंडी!

आज मालूला दाखवायला दवाखान्यात गेलो. झुबेदा सोबत होती. कंपाउंडरला माझी बाटली दाखवली, इथे मिळते का म्हणून. तो म्हणाला, ही जनावराच्या गळ्यातली गाठ वाळवून केलेली भुकटी आहे. कुठलं जनावर? ते बाटलीवर नाही. मेंढा असेल, बैल असेल, डुक्करही असेल. झुबेदा तौबा म्हणून दोन पावलं मागं सरली.

मी बारा महिने मासळी-मटण खाणारी, पण श्रावण कधी मोडला नाही. एडनलासुद्धा पाळला. आणि रोज सकाळी जनावर गिळत होते! यंदा अधिक धरून श्रावण दोन आहेत. दोन्ही पाळणार. उद्यापासून गोळी बंद, गणपती झाले की बघू. मालू म्हणाली, आय, त्यांना पत्र लिहून विचारू. म्हटलं, पत्र जाऊन येईतो श्रावण सरेल. आणि ज्या गाठीचं औषध ती गाठच गळ्यात नाही. बाटली मिठाच्या मडक्यामागं सारून ठेवली.

नागपंचमी

महिना होऊन गेला, मला काही झालं नाही. डॉक्टर लोक भिववतात.

हे घर मात्र दमट आहे. मालू हातपंख्यानं वारा घेते आणि मी घोंगडी पांघरून बसते. झुबेदाला म्हटलं, तुझी कौलं गळतात, भिंतीला ओल आहे. तिनं भिंतीवर हात फिरवला, म्हणाली, खाला, भिंत तर कोरडी ठाक आहे. मावशीला ती खाला म्हणते. मालकीण कधी ओल कबूल करील?

केस फार जातात. फणीला गुंता येतो. विहिरीचं पाणी मचूळ आहे, दुसरं काय. अंगानं भरले आहे. बसून खाते म्हणून. लिहायला वेळ लागतो, अक्षर मोठं येतं.

नारळी पौर्णिमा

बंदरावर नारळ सोडायला गेलो नाही. पाय जड.

तिन्हीसांजेला मालू पांढरीफटक होऊन माझ्याकडे आली. मोरीच्या बाजूनं कुणीतरी तिला नावानं हाक मारली. बाईचा आवाज, पण घोगरा, जाड, जसा तोंडात माती भरून बोलावा. दोन हाका. तिनं ओ दिली नाही. शहाणी पोर. मी तेव्हा मोरीतच पाय धूत होते, मला कुणी दिसलं नाही. मी मगाशी दोनदा टॉवेल मागितला, तो मात्र हिनं दिला नाही. भ्यालेल्या माणसाला ऐकू येत नाही.

दाराला बिब्बा बांधला.

भाद्रपद शुद्ध सप्तमी

झुबेदानं आज माझ्याकडे बघून विचारलं, खाला, रडलीस का? मी आणि रडणार! मालूच्या आरशात बघितलं.

आरशात दुसरी बाई होती. डोळ्यांवर पाण्याच्या पिशव्या. ओठ जाड. भुवया अर्ध्या. मेणासारखा पिवळा रंग. मी हात वर केला, तिनं जरा उशिरा केला. असं मला वाटलं. असं झालं.

आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

गणपती झाले की काहीतरी सुरू करायचं होतं. काय ते आठवेना. मालूला विचारू म्हणते आणि तेही राहतं.

भाद्रपद वद्य तृतीया

झुबेदाच्या तोंडून निसटलं. आमच्या आधी इथे भामा नावाची बाई भाड्यानं राहायची. बाळंत होताना गेली. याच खोलीत. पोरही गेलं.

मला आधी सांगायला काय झालं होतं? ती म्हणाली, कुठल्या घरात कुणी मेलं नाही, खाला?

आता कळलं. थंडी का, ते. आवाज कुणाचा, ते. आरशात कोण, ते. भामेला मालूचं पोर पाहिजे.

हाक आता रोज येते. कधी मालू ऐकते, कधी झुबेदा भिंतीपलीकडून. मला एकदाही ऐकू येत नाही. मलाच का नाही?

भाद्रपद वद्य दशमी

सगळे घामानं भिजतात. मी दोन गोधड्यांत. हात बर्फ.

बसल्या बसल्या झोप लागते. हातातला घास हातात राहतो. जाग येते तेव्हा मालू दारात उभी, लांबूनच बघते. माझ्याकडे येत नाही.

ती मला भिते. का भिते? मी तिला राखते आहे.

द्वादशी असेल

मालू झुबेदाकडे निजायला गेली. म्हणाली, आय, आवाज तुमच्या खोलीतून येतो.

माझ्या खोलीतून. म्हणजे भामा माझ्याजवळ बसते. माझ्या अंथरुणात. अंग जड लागतं ते तिच्यामुळे

मालूला हाक मारली. पुष्कळदा मारली. मालूनं ओ दिली नाही.

सर्वपित्री अमावास्या

तिला अडवायचं तर उंबऱ्यावर मीठ. आमची मिठागरातली रीत. भुतं मीठ ओलांडत नाहीत.

मडक्यात हात घातला. मागं काही खणकलं.

बाटली.

बाटली हातात घेऊन किती वेळ उभी होते माहीत नाही. मग एकेक आठवत आलं, जसं भरतीचं पाणी मिठागरात शिरतं तसं, हळू. एडनच्या डॉक्टरचं मी न ऐकलेलं अर्धं. थंडी वाजेल. तोंड सुजेल. केस जातील. आवाज घोगरा होईल. डोकं चालायचं थांबेल. मग झोप, आणि ती उतरायची नाही.

आवाज घोगरा होईल.

झुबेदाला बोलावलं. तिच्या दाराशी जाऊन, कारण हाकेला आता कुणी येत नाही. तिला म्हटलं, खरं सांग. ती माझा हात धरून म्हणाली, "खाला, तो आवाज तुझाच हाय. मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. पन तुला कसं सांगू, तू रागवशील."

मोरीत टॉवेल मागत होते ती मी. भामा कुणी नाही. मीच सुनेला सांगितलं, या आवाजाला ओ देऊ नको. आणि तिनं ऐकलं.

घटस्थापना, सकाळ

झुबेदानं डॉक्टरला आणलं. मालू आली. माझ्याकडे बघून रडली. म्हटलं, रडायचं ते बाळंत झाल्यावर रड.

डॉक्टरनं गळ्याची चीर बघितली, बाटली बघितली, कपाळाला हात लावला. गुडघ्यावर हातोडी मारली. पाय उडाला आणि खाली यायला विसरला. म्हणाला, आजीबाई, श्रावण पाळलात की जीव द्यायचा ठरवलात? जीव वाचवायला घेतलेल्या औषधानं कुठलं व्रत मोडत नाही, हे कुणालाही विचारायचं होतंत.

त्याचं बरोबर होतं.

एक पूर्ण गोळी नको म्हणाला, काळीज फुटेल. पाव गोळी दिली. गुण यायला दिवस लागतील, तेवढे दिवस माझ्याकडे आहेत की नाहीत ते मुंबईच्या इस्पितळात कळेल. नियाज मोटार आणायला गेला आहे. दिवे लागायच्या आत येतो म्हणाला. तोवर मला झोपू द्यायचं नाही. हाक मारत राहायची आणि मी ओ देते का बघायचं. ओ आली नाही तर पळत डॉक्टरला बोलवायचं.

मालू हाक मारते. आय. मी म्हणते, ओ.

तिला सांगितलं, माझी रीत मी मोडली. घोगरी हाक आली की ती मीच. पहिल्याच हाकेला ओ दे. वाट बघू नको.

हो म्हणाली.

दुपार

आय. ओ.

आय. ओ.

मध्ये एकदा मी खूप खाली होते. पाणी होतं. मालूनं गालावर मारलं. बरं केलं.

पोराचं तोंड बघायचं आहे. हे कधी लिहिलं नव्हतं. लिहिलं.

दिवे लागण

मोटार नाही. अजून.

मालू ओटीवर, रस्ता बघते. मी आत. पाठ भिंतीला. वही मांडीवर, झोप नको म्हणून.

हाक आली.

मालू. घोगरी. मोरीच्या बाजूनं.

मी मारली नाही.

तोंडाला हात लावून बघितला. दात मिटलेले. ओठ मिटलेले.

ओटीवर ऐकू गेलं नसेल. बरं झालं

परत. मालू —

दुसरी. या खेपेला तिनं ऐकलं. मान वळली. तिला वाटतं मी. मीच सांगितलंय पहिल्या हाकेला — मीच —

ओरडते, गळ्यातून निघत नाही. मालू गो, गप. ही माझी नाय. तोंड उघडू नको. तुझी नाय, पोराची नाय. या हाकेला ओ मी द्यायची, मालूनं नाय. मी देते. लिहून देते —

ओ