सुकदेव आबांची चांदणी

१४ सप्टेंबर, रविवार

केलं मीच. पारसला गंडवायचं होतं, बस.

काकांच्या सायकल दुकानात मागे एक जुनी फ्रेम पडली होती. ना नाव, ना स्टिकर. पारसला जुन्या सायकलींचं वेड. बापाचं कापडाचं दुकान आहे, वेड परवडतं. म्हटलं, "विलायती आहे, कंपनी ओळखून दाखव." पण खाली, पायडलचा एक्सल बसतो त्या जाड गोळ्यावर, काहीतरी ठोकल्यासारखं खरबरीत लागलं. देशी खूण निघाली असती तर सगळी मजा गेली असती. म्हणून कानस मारली. एकदम गुळगुळीत. काय होतं ते बघितलं पण नाही.

१६ सप्टेंबर

पारसने जुन्या सायकलींच्या ग्रुपवर फोटो टाकले. इंग्लंडची का फ्रान्सची, यावर भांडणं चालू. "नवीन, हे सांधे बघ ना. जोडाला पितळ किती बारीक सोडलंय. मशीनचं कामच नाही हे."

मी मागे जाऊन हसून आलो.

१८ सप्टेंबर

हसू गेलं.

धुळ्याहून कोण्या ज्योतीचा मेसेज — "आमचे आबा, सुकदेव मिस्तरी, दूधवाल्यांसाठी अशाच फ्रेम बांधायचे. आजी म्हणते, काम झालं की खाली एक चांदणी ठोकायचे. बघता का, आहे का?"

पारस लगेच, "बघ ना रे खाली."

"गंज आहे. साफ करून सांगतो."

काय सांगू? चांदणी होती का नुसता गंज होता, देवाला माहीत. आणि कानशीला.

२० सप्टेंबर

ज्योतीला खरं सांगायला फोन केला. फोन आजीनेच घेतला. तानुबाई.

"भाऊ, पोऱ्यानी बठ्ठी हत्यारं इकी टाकी. घरमा त्यासना हातनी एक बी वस्तू नही. खंडेनवमीले मी काय पुजू?"

पोराने आबांची सगळी हत्यारं विकून टाकली, म्हणे. मी म्हटलं, "आहे अक्का. चांदणी आहे."

तोंडातून निघून गेलं.

२१ सप्टेंबर

काका बोदवडला गेले. लोखंडावर खूण ठोकायचा पंच आणि हातोडी घेतली. पाच टोकं. पहिलं टोक वाकडं गेलं, पण वाकडं बरंच दिसतं. वर लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवलं. संध्याकाळपर्यंत छान गंजलं.

शाळेत एवढं मन लावलं असतं तर!

२४ सप्टेंबर

आज दोघी बसने आल्या. तानुबाईंना कमी दिसतं. फ्रेम उलटी करून मांडीवर घेतली, तान्ह्या पोरासारखी. बोट फिरवलं. कितीतरी वेळ बोट तिथंच.

"हाऊच शे. त्यासनाच हात शे."

ज्योतीने विचारलं, "आजी, तू बघितली होती का कधी चांदणी?"

"मी कसाले बघू? ते ठोकेत तवय मन्ही पाठ ऱ्हाये, भाकरी टाकू. आवाज तेवढा ऐकेल शे."

काका म्हणाले, "न्या अक्का, तुमचीच आहे." पारसने बसच्या टपावर चढून स्वतः बांधून दिली. खाली उतरला तर डोळे पुसतोय, येडा. मला म्हणतो, "तू शोधून दिलीस रे."



१ ऑक्टोबर, खंडेनवमी

ज्योतीने फोटो पाठवला. पाटावर फ्रेम, झेंडूची माळ. चांदणीवर हळदकुंकू.

पारसने लाल बदाम टाकला.

५ ऑक्टोबर

ज्योतीचा फोन. फोटो फिरत फिरत फैजपूरला गेला. तिथला चुडामण दूधवाला आज त्याच्या वडिलांची फ्रेम घेऊन धुळ्याला आला होता. म्हणे, वडलांनी आबांसमोर बसून बांधून घेतली होती, आजींना द्यायची म्हणून आणली. तिच्यावर पण चांदणी.

आजीने आधी तिच्यावर बोट फिरवलं, मग आपल्या फ्रेमवर. परत तिच्यावर. मग म्हणाली, "हाई त्यासनी नही. त्यासनी चांदणी अशी नही ऱ्हाये. लोके काही बी ली येतस."

चुडामण चहा न पिता निघून गेला.

ज्योती हसून सांगत होती. "बरं झालं ना, आपल्याकडे खरी होती. ताडून तरी बघता आली."

६ ऑक्टोबर

जेवलो नाही. आई म्हणाली, "काय रे, आज कोणाची खोडी काढली नाही वाटतं?"

७ ऑक्टोबर

फैजपूरला जाऊन आलो. फ्रेम चुडामणच्या गोठ्याबाहेर भंगारात पडली होती. "घेऊन जा," म्हणाला. "बापाला खोटं पाडलं त्या बाईने. नजरेसमोर नको मला ती."

उलटी करून बघितली. सहा टोकं. मधे एक बारीक टिंब. एकपण टोक वाकडं नाही.

आता माझ्या खाटेखाली आहे, गोणपाटात. तिकडे ती बाई रोज माझ्या चांदणीला कुंकू लावते.

हे पान कोणाच्या हातात पडलं, तर भाऊ, पाया पडतो — धुळ्याला नको सांगू. कोणालाच नको सांगू.