चकव्याने परत केलेली वस्तू

प्रिय चिमणे,

तुझ्या खेळातल्या देवमंडळाला मी पोरखेळ म्हणालो होतो. आता म्हणणार नाही. फासे टाकून आपण चौघे ज्यांच्या भूमिका घेत असू, त्या शूर, दयाळू, रागीट देवांपैकी मला खरा पटला तो एकच, चकवा. त्याचा नियम तुझाच. ज्याला चिठ्ठी निघेल त्याने गुपचूप चकवा व्हायचे, दुसऱ्याच्या घरातली एखादी वस्तू उचलायची, तिच्यावरून आपला डाव रचायचा आणि नकळत ती परत ठेवायची. वस्तू परत आली, म्हणजे डाव तयार. माझा चष्मा असाच गेला, आणि परत आला तेव्हा भिंतीवरच्या माझ्या तसबिरीलाही तस्साच चष्मा आणि वर मिश्या फुटल्या होत्या. तुझी औषधवाली मैत्रीण म्हणाली, “काका, जन्मभर न्यायाधीश होतात ना? मग धरा की चोर.” तू हसून हसून बेजार झालीस. तुझ्या कचेरीतला तो उंच, अबोल मुलगा, तुमचा उंट, मान खाली घालून चहा ढवळत राहिला.

पुढे त्याने तुला लग्नाचे विचारले, तू नाही म्हणालीस आणि आपली बैठक मोडली. त्यानंतर चिठ्ठी निघालेली नाही. तरीही गेल्या आठवड्यात तुझ्या घराची किल्ली नाहीशी झाली, आणि तू फोनवर निर्धास्तपणे म्हणालीस, “चकव्याने नेली असेल हो, देईल आणून.”

काल उंट माझ्याकडे आला. चहा त्यानेच केला. “मी काही मनाला लावून घेतलेलं नाही, काका,” हे त्याने कोणी न विचारता पुनःपुन्हा सांगितले. शिवाय आपलीही छत्री गेल्याची तक्रार केली. जो आपण होऊन नुकसान झालेल्यांत जाऊन बसतो, त्याची साक्ष मी नेहमी दुसऱ्यांदा वाचत आलो आहे. आज सकाळी तुझी किल्ली माझ्या साखरेच्या डब्यात सापडली. औषधवाली बहिणीच्या बाळंतपणासाठी परगावी आहे. मी किल्ली नेलेली नाही. म्हाताऱ्याने थट्टा केली असे समजून तू निश्चिंत व्हावेस, ही योजना वाईट नव्हती.

किल्लीच्या खाचांत साबण अडकला आहे. ओल्या साबणात किल्ली दाबून तिचा ठसा घेतात आणि त्यावरून दुसरी घडवतात. असे खटले माझ्यापुढे चालले आहेत. हे पत्र आणणारा गृहस्थ कुलूपवाला आहे, माझ्या विश्वासातला. त्याला आत घे आणि कुलूप बदलून होईपर्यंत दार सोडू नकोस. मी फोन केला नाही, कारण या क्षणी उंट तुझ्यासमोर बसलेला नसेल, असे मला खात्रीने म्हणता येत नाही. तसे असेल तर चेहरा बदलू देऊ नकोस. पत्राची घडी घाल, काकांना बरे नाही एवढेच बोल, पर्सही न घेता या माणसाबरोबर खाली उतर. मी रस्त्यापलीकडे गाडीत आहे.

तुझाच,
काका