जावाच्या किनाऱ्यावरची खांड

रोडपाली, मंगळवार

ती. भामाआत्या,

परेशचा जमिनीला नाक टेकवून नमस्कार. (नाक वर करून बोलायची सोय आता राहिलेली नाही, तेव्हा ते तिथेच बरं.) तुझा गुडघा कसा आहे? मोऱ्याच्या धक्क्यावर मासळी आणायला स्वतः जाऊ नकोस, असं सांगून तू ऐकणार नाहीस. फोनच करणार होतो, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि ऐकू आलेलं निम्मं तू शेजारी सांगतेस. म्हणून हे पत्र.

परवा इंडोनेशियाहून आलो. महिनाभर रजा टाकून पर्यावरणाची सेवा करायला गेलो होतो. (आमच्या खारजमिनीवर टॉवर उभे राहिले, त्याचं प्रायश्चित्त घ्यायला चाललोय, असं मी ऑफिसात सांगायचो. दोघीजणींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.) जावाच्या त्या किनाऱ्यावर कोळंबीची जुनी तळी आहेत, आपल्या मिठागरांसारखी, भोवती मातीचे बांध. तळ्यांपायी तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, तोडली आणि तिवरं गेल्यावर समुद्र गावात शिरू लागला. ती परत कशी आणायची, ते आमच्या म्होरक्या इबू सरी (इबू म्हणजे तिकडे बाई) यांनी पहिल्याच दिवशी दोन तास समजावलं. मी प्रवासाच्या शिणाने बसल्या जागी झोपलो होतो. मान मात्र डुलत होती, त्यामुळे बाईंना मी फार लक्ष देणारा वाटलो.

तिसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी फिरत गेलो, तर बांधाला ही एवढी खांड! बैलगाडी जाईल एवढं भगदाड आणि खारं पाणी धो धो आत. आत्ये, लहानपणी खारात तू शिकवलेलं एकदम आठवलं: “खांड परली का आदी माती टाक रं, मंग सवाल इचार.” मी आरोळी ठोकली. हॉलंडची दोन मुलं आणि एक जपानी निवृत्त मास्तर धावत आले. खुंटांना लाकूड हवं, म्हणून जवळची कंबरभर उंचीची झाडं सपासप तोडली. खुंट ठोकले, पेंढा कोंबला, वर चिखल टाकून चौघांनी तुडवला. पाणी थांबलं. त्या दोन तासांत मी जेवढा सुखी होतो तेवढा माझ्या लग्नातही नव्हतो. बांधावर उभा राहून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: ‘गाव वाचवलं.’

मग इबू सरी आल्या. योजना पुन्हा समजावली; या वेळी मी जागा होतो. ती खांड गावानेच तीन आठवडे खणून मुद्दाम पाडली होती. तिथून भरतीबरोबर तिवरांच्या बिया आत येणार आणि आपसूक रुजणार, हीच ती दोन तासांची योजना. मी तोडलेली झाडं म्हणजे आधी रुजलेली पहिली एकोणीस तिवरं. गावातल्या पोरीबाळींनी त्यांना एकेक नाव दिलं होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उरलेले दिवस सगळे मिळून ती खांड उकरत होतो, पण वीतभर उकरावी तर भरतीचा गाळ पुन्हा येऊन बसायचा. (तुझी पद्धत भलतीच घट्ट आहे.) एक म्हातारी रोज मला केळीच्या पानात भात आणून द्यायची. शिव्या दिल्या असत्या तर घास तरी उतरला असता. शेवटी व्हिसा संपला आणि मी तसाच परत आलो.

तुझा,
तोंड लपवून बसलेला परेश

ता. क. भावेशदादाने नाक्यावर माझा बॅनर लावलाय: ‘सातासमुद्रापार बांध राखणारा आपला वाघ’. फोटो तोच. रविवारी सत्कार आहे. मी त्याला दोनदा खरं सांगितलं. तो म्हणतो, “बांद बांदलास ना? मंग झाला तर. हार आनलेन मी.”

ता. क. २. खरं काम हे आहे. बियांचा हंगाम पंधरवड्यात सुरू होईल. तोवर खांड उघडली नाही तर गावाचं अख्खं वर्ष वाया जाईल. बुजवायची कशी ते तू शिकवलंस, उघडायची कशी ते मी कधी विचारलंच नाही. भरतीला की ओहोटीला? आधी खुंट काढायचे की पेंढा? मनिषावहिनीकडून उत्तर लिहवून घे आणि हे पत्र आणणाऱ्या बळीरामकाकांच्याच हाती दे, मी लगेच तिकडे कळवतो. आणि रविवारी येऊन पहिल्या रांगेत बस. तू समोर असलीस की मला खोटं बोलता येत नाही.

ता. क. ३. इबू सरींनी आत्ताच कळवलं, काल उधाणाची भरती लागली तरी बांधातून थेंबही आत आलेला नाही. लाज वाटते गं. पण हे तुला सांगितल्यावाचून राहवेना.