एका जागी सॅक्सोफोन

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार
ठरलं! कशेळे रोडवरच्या क्लबात सॅक्सोफोन. तीन शनिवार: १५, २२, २९. मॅनेजर नवीनने पोस्टरवर 'ज्येष्ठ जॅझ सॅक्सोफोनवादक दशरथ' छापलंय. लग्नाच्या बँडचा उल्लेख नाही. पस्तीस वर्षांचं करिअर, सगळं ओपन एअर. प्रेक्षक एकदाही उठून गेले नाहीत. उठणार कसे, बसलेच कुठं होते, असं सुरेखा म्हणते. बायकोला कला कळत नाही.

५ नोव्हेंबर
बँडमालक नागूला कळवलं, यंदा वराती बंद. तुळशीची लग्नं सुरू, सीझन तोंडावर. येडा झाला का रं, म्हणाला. बँडचा लाल कोट भंगारात द्यायला सुरेखाला सांगितला.
संकल्प: रोज पहाटे पाचला प्रॅक्टिस. दोन तास.

६ नोव्हेंबर, सकाळी ९
पाचला जाग आली होती. थंडीत सॅक्सोफोनच्या तोंडाची पट्टी, रीड, खराब होते म्हणून उठलो नाही.

८ नोव्हेंबर
प्रॅक्टिस अंगणात सुरू केली, संपली तेव्हा मारुतीच्या देवळापाशी होतो. कसा पोचलो, आठवत नाही. तंद्री लागणं चांगलं लक्षण.

१० नोव्हेंबर
आज थेट शिळफाटा. ट्रकवाल्याने हॉर्न मारला आणि सूर तुटला. सुरेखाचं म्हणणं, पस्तीस वर्षं नवरदेवापुढं चालून तुमचं पाय बिघडलं, वाजवलं की निघतात. काहीही! उद्या उभा राहून दाखवतो.

११ नोव्हेंबर
सुरेखाने अंगणात पाट मांडला. त्यावर उभा राहिलो. पाय थांबले. श्वासही थांबला. दोन सूर निघाले, शेजारच्या म्हशीने मान वळवून पाहिलं. पाट अरुंद आहे. स्टेज मोठं असणार.

१४ नोव्हेंबर
डोळ्याला डोळा लागला नाही. चार वेळा रीड बदलली. सुरेखाला म्हटलं, उद्या तू घरीच थांब. ती म्हणाली, येनार, तुमाला परत आनाया कुनीतरी पायजे ना.

१५ नोव्हेंबर, दुपारी ३
काळा शर्ट, कडक इस्त्री. ठरलं: डोळे मिटून वाजवायचं. मोठे कलाकार तसंच करतात.

१६ नोव्हेंबर
पहिलं गाणं फाटलं. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या सुरेखाने. दुसऱ्याला डोळे मिटले, आणि काय सूर लागला! छाती भरून. असा कधीच लागला नव्हता. डोळे उघडले तर मी मुरबाड रोडवर. एक जीपवाला विचारत होता, कुनाची वरात हाय? पाहुणे गेटपर्यंत नाचत आले होते म्हणे, तिथून जेवायला वळले. मागे फक्त सुरेखा, सॅक्सोफोनची पेटी घेऊन. लई भारी वाजवलंत, म्हणाली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच. रस्त्यातच रडू आलं. धूळ होती.

१७ नोव्हेंबर
नवीनचा फोन. उरलेले दोन्ही शनिवार पक्के. स्टेजवर मुंबईचा माणूस. मी पाहुण्यांना गेटपासून लॉनपर्यंत वाजवत आणायचं. लाल कोट असेल तर बरं, म्हणाला. विचार करून कळवतो, असं मी ठणकावलं.
फोन ठेवतोय तर सुरेखा कोटाची बटणं शिवत बसलेली. भंगारात दिलाच नव्हता.
नवीनला लगेच होकार कळवला.
गेट ते लॉन चाळीस पावलं आहेत. एका गाण्यालाही पुरत नाहीत. हळू चालेन.