परसातली माझी अर्धी बाजू

५ जानेवारी
परसाची वाटणी झाली. मध्ये विटांची ओळ. डावी बाजू माझी, उजवी धाकट्या जावेची. ती बाजू ती कित्येक वर्षं फुलवतेय, म्हणजे मला दाखवायला. सगळ्यांसमोर गोड हसून म्हणाली, मार्चअखेर वहिनींच्या बाजूला काही उगवलं तर जागा त्यांची, नाहीतर मी तिथे दुधी लावीन. खुशाल लाव म्हटलं. बागकाम म्हणजे शिस्त, आणि शिस्त मला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सनी शिकवली आहे. हिला कुणी शिकवली?

८ जानेवारी
नर्सरीवाल्याने विचारलं, आधी कधी काही लावलंय का. मी इंग्रजीत सांगितलं, बॉटनी माझा आवडता विषय होता. तो दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. घेवड्याचं बी आणि एक पोतं शेणखत घेतलं.

९ जानेवारी
खत मातीत मिसळलं. वास असह्य. शाळेच्या बागेत असला वास कधी नव्हता. पांढरं कुंपण, स्वीट पीजच्या वेली, थोरल्या सिस्टर कात्री घेऊन हळूहळू फिरायच्या. अजून डोळ्यांपुढे आहे. आम्हाला आत सोडत नसत, पण बाहेरून पाहून बागकाम पूर्ण समजलं होतं.
मातीवर दोन बाटल्या फिनेल ओतलं. आता कसं स्वच्छ वाटतं. फूटपट्टीने ओळी आखून बी पेरलं.

२४ जानेवारी
अजून काही नाही. रोज सकाळी बी उकरून बघते, पुन्हा झाकते. कुणाचं तरी लक्ष आहे हे त्याला कळलं पाहिजे. हे म्हणतात, जरा दमानं घे. ह्यांना बागेतलं काय कळतं?

३ फेब्रुवारी
माझ्या बाजूला एक गांडूळ नाही. तिच्याकडे ढिगाने. फितवली असणार.

११ फेब्रुवारी, दुपार
पकडली. धाकटी माझ्या वाफ्यावर वाकून माती हुंगत होती. खिडकीतूनच विचारलं, काय चाललंय.
"वहिनी, मातीला दवाखान्याचा वास का येतोय हो?"
काही घरांत स्वच्छता पाळतात, असं म्हणून खिडकी लावून घेतली. काच तडकली. तिच्यामुळे.

१९ फेब्रुवारी
दोन दिवस बहिणीकडे राहून आले. बागेबद्दल तिला थोडं वाढवून सांगितलं. फार नाही. फक्त फुलं आणि फळं.

२ मार्च
उगवलं. हिरवे कोंब, मान वाकवलेले, ओळीनं. मला भरून आलं. मग सावरले आणि धाकटीला मुद्दाम हाक मारून दाखवलं. छान आलंय म्हणाली. चेहरा उतरला होता. निदान उतरायला हवा होता. नर्सरीवाल्याला फोन करून कळवलं. त्याने विचारलं, कोण बोलतंय.

५ मार्च
जेवताना ह्यांच्या तोंडून निघून गेलं. मी बहिणीकडे असताना धाकटीने माझ्या बाजूची माती उपसून टाकली, स्वतःच्या वाफ्यातली घातली, घेवडाही तिनेच पेरला. दोन दिवस कंबर धरून बसली होती.
"तुला सांगू नका म्हणाली. वहिनींचा हिरमोड होईल."
हिरमोड. माझा.
ताटावरून उठले, खाली गेले आणि एकूण एक रोप उपटलं. कुणाचे उपकार डोक्यावर नकोत. घेवडा तसाही वातूळ.

६ मार्च
सकाळी तिने उपटलेली रोपं पाहिली. गोळा करून कोपऱ्यात टाकली. बोलली असती तर माझं उत्तर तयार होतं. चांगलं लांबलचक होतं. फुकट गेलं.

३१ मार्च
जागा आपखुशीने दिली. बागेनं डास होतात, हे मी पहिल्यापासून म्हणत होते. तिने लगेच दुधी टोचला.
संध्याकाळी खालून हाक आली. वहिनी, मांडवाचा खांब जरा धरता का, एकटीला जमत नाही. ह्यांना पाठवणार होते, पण ते झोपले होते. गेले. ती खड्ड्यात माती दाबत होती, मी खांब धरून उभी. अजिबात हलवू नका म्हणाली.
नाही हलवला.
उद्या दुसरा खांब आहे.