भट्टी गार होईपर्यंत

४ मे
बिनपगारी रजेचं वर्ष संपत आलं. ऑफिसचं पत्र: एक जूनला हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. राजीनामा लिहून तयार आहे. अडलंय ते बायकोच्या अटीवर. ती म्हणते, वर्षभर मागच्या खोलीत चिखल केलास, आता एकसारख्या सहा ताटल्या करून दाखव. एकावर एक बसल्या पाहिजेत, टेबलावर डुलता कामा नयेत. एकतीस तारखेला त्यांत जेवू, मग राजीनामा मी स्वतः पोस्टात टाकते.
सहा ताटल्या. दोन दिवसांचं काम.

५ मे
संकल्प: रोज सहाला कुंभाराच्या चाकावर बसायचं. फोन खोलीबाहेर. कसलीही घाई नाही.

६ मे
नऊला उठलो. कलाकाराचं शरीर गजरावर चालत नाही.

११ मे
चाकावर बारा ताटल्या काढल्या. मुलीने पट्टी लावून मोजल्या. बारा ताटल्या, बारा मापं. तिला समजावलं की एकसारख्या म्हणजे एका मापाच्या नव्हे, एका वृत्तीच्या. ती म्हणाली, बाबा, हे आईला सांगून बघ. सांगितलं नाही. त्या मोडून नव्या बारा केल्या.

१७ मे
सुकताना चार ताटल्यांच्या कडा वर आल्या, त्या बाद. बाईंना फोन केला. बाई म्हणजे माझ्या शिक्षिका, चाळीस वर्षं मातीत हात. त्यांचा पहिलाच प्रश्न: पंख्याखाली ठेवल्या होत्यास का?
पंखा फक्त दोनवर होता. बाईंचा स्वभाव मुळात संशयी.

२५ मे
भट्टीत पहिली भाजणी. दोन फुटल्या. राहिल्या बरोब्बर सहा. याला नियोजन म्हणतात. बायकोने विचारलं, एखादी जास्तीची करून ठेवतोस का? म्हटलं, जास्तीची करणं म्हणजे स्वतःवर अविश्वास दाखवणं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती. कौतुकानेच असणार.

२९ मे, संध्याकाळी ६
ग्लेझचा काचेसारखा लेप लावून दुसरी भाजणी झाली. बाराशे वीस डिग्री. भट्टी बंद केली. बाईंनी तीनदा बजावलं: मीटर शंभरच्या खाली आल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही, गार हवा लागली की गरम भांडं तडकतं, उद्या संध्याकाळपर्यंत थांब. हे मला सांगतात. मी आयुष्यात कधी झाकण आधी उघडलेलं नाही. मार्चमधला प्रकार वेगळा होता.

३० मे, सकाळी ७
४१०. मी एकदम शांत.

७.२०
४०४. हा मीटर फार सावकाश उतरतो.

८.१५
३७५. बायकोने विचारलं, खोलीला कुलूप घालू का? अपमान गिळला.

१०.३०
२९०. मीटर जुना आहे. पन्नास-साठ डिग्री सहज जास्त दाखवत असेल. कदाचित दीडशेही. शिवाय बंद भट्टीत हवा कोंडते. बोटभर फट ठेवतो. फक्त बोटभर.

१०.३५
काय निळा आलाय. असा निळा बाईंनाही जमलेला नाही. नीट दिसावा म्हणून आणखी बोटभर.

१०.५०
आतून टिंग असा आवाज. गार होताना ग्लेझ गातं, असं बाईच म्हणतात.

११.००
बरंच गातंय.

संध्याकाळी ६
पाच तडकल्या. आरपार. दोष मातीचा आहे, या वेळच्या पोत्यातच काहीतरी होतं. बाईंना अजून कळवलेलं नाही. त्यांना उगाच वाईट वाटेल.

३१ मे
राजीनामा ड्रॉवरमध्येच आहे. वाचलेली एक ताटली बायकोने स्वतःला घेतली. ताटली डुलत होती. तिने खाली कागदाची घडी सारली आणि जेवली. जेवण झाल्यावर ताटली दुसऱ्या भांड्यांत न मिसळता वेगळी धुतली, पुसली.
काही बोलली असती तर माझ्याकडे उत्तरं तयार होती. फार वाईट वाटलं. माझ्या रोजनिशीत असं वाक्य बसत नाही, पण खोडणार नाही.

१ जून
हजर झालो. ही तडजोड तात्पुरती आहे, हे मनाशी स्पष्ट केलंय. साहेबांनी केबिनमध्ये बसवून घेतलं, रुजू झाल्याचा अर्ज लिहायला सांगितला, चहा मागवला. अर्ज लिहून सही केली. तेवढ्यात कप हातात आला. जाड कडेचा, कारखान्यातला. तळ कसा काढलाय ते बघायला मी तो उलटा केला. मातीत काम करणारा माणूस तळ बघितल्याशिवाय कप खाली ठेवत नाही. चहा आत होता.
साहेबांचं टेबल, त्यांची फाइल, माझा अर्ज, सगळं भिजलं. साहेब म्हणाले, अहो, हे काय केलंत? मी त्यांना स्पष्टच सांगितलं की तळ ओबडधोबड आहे, नीट घासलेला नाही. त्यांनी रुमालाने टेबल पुसलं आणि एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.
त्यावर मी तोच अर्ज पुन्हा लिहिला.